प्रकल्प नोंदी: कांद्याची हिशोबपट्टी, वारशात मिळालेला कोड

विषय: ॲडव्हान्स्ड ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग आणि सॉफ्टवेअर डिझाइन. एम.टेक., दुसरं सत्र. भाषा जावा २१. गट चौघांचा.

९ जानेवारी २०२५

प्रकल्पांचं वाटप झालं. या विषयात नवं काही शून्यातून लिहायचं नसतं. गेल्या वर्षीच्या एखाद्या गटाचा कोड ताब्यात घ्यायचा आणि तो चालू ठेवत सुधारायचा. सत्राच्या मध्यावर मॅडम एक नवी गरज जाहीर करतात, ती त्यात बसवायची. ती बसवताना किती फायलींना हात लागला, यावर गुण. किती ओळी लिहिल्या याला कुणी विचारत नाही. मला ही पद्धत पटते. नोकरीतही पहिल्या दिवशी कुणी रिकामी फाइल हातात देत नाही.

आमच्या वाट्याला बाजार समितीतली हिशोबपट्टी आली. शेतकरी ट्रॉली घेऊन येतो, लिलाव होतो, भुईकाट्यावर आधी भरलेली आणि मग रिकामी ट्रॉली तोलतात, आणि शेवटी त्याच्या हातात एक कागद पडतो. वर वजन, दर आणि एकूण रक्कम, खाली हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडं, आधी घेतलेली उचल, तळाशी निव्वळ. जुना प्रोग्रॅम हा कागद छापतो.

कोड चाळला. सगळ्यात वर 'पट्टी' हा अमूर्त क्लास, म्हणजे बाकीच्यांनी ज्यावरून बेतायचं असा साचा. त्याच्याखाली 'शेतमालपट्टी', त्याखाली 'नाशवंतपट्टी', त्याखाली 'कांदापट्टी', आणि तिला दोन लेकरं: 'लालकांदापट्टी' आणि 'उन्हाळकांदापट्टी'. शेवटच्या दोघींमध्ये फरक काय, तर शीर्षकात छापायचा एक शब्द. आकृती मात्र देखणी आहे, वंशावळीसारखी. तिच्यावर गेल्या वर्षी चांगले गुण पडल्याचं ऐकलं.

१३ जानेवारी

जुन्या गटाने क्लास आणि मेथडची (क्लासच्या आतल्या फंक्शनची) नावं देवनागरीत ठेवली आहेत. जावाला ते चालतं. भाषेच्या व्याख्येतच युनिकोड अक्षरांना मुभा आहे. वाचायला छान वाटतं. पण आज आमच्यातल्या एकाने नवी फाइल लिहिली आणि कंपायलर म्हणाला, 'शेतकऱ्याचीरक्कम' नावाची मेथड सापडत नाही. पडद्यावर दोन्हीकडे नाव अगदी सारखं.

भानगड 'ऱ' मध्ये निघाली. हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं: एकतर त्याचा स्वतंत्र संकेत, नाहीतर साधा 'र' आणि त्यापुढे नुक्ता. दिसायला दोन्ही एकच, आणि युनिकोडच्या दृष्टीनेही समतुल्य. पण जावा ओळखनावांची तुलना करताना ही समतुल्यता पाहत नाही. संकेत वेगळे तर नावं वेगळी. दोन कीबोर्ड, दोन 'ऱ'. शेतकरी, व्यापारी अशा मंडळींच्या विभक्त्यांनी भरलेल्या कोडमध्ये हे पावलोपावली आडवं येणार.

नावं देवनागरीतच ठेवायची, पण सगळ्या फायली कमिट होण्याआधी (सामायिक भांडारात जमा होण्याआधी) एकाच रूपात आणणारी छोटी स्क्रिप्ट लावायची, असं ठरलं. नावं बदलून 'फार्मर' वगैरे करावं, असा एक प्रस्ताव आला होता. 'वाराई'ला इंग्रजीत काय म्हणायचं यावर तो पडला.

१७ जानेवारी

कोड बदलण्याआधी त्याच्याभोवती चाचण्यांचं कुंपण घालायचं. बरोबर काय, हा प्रश्न तूर्त बाजूला. आज जे छापलं जातं तेच उद्या छापलं गेलं पाहिजे, एवढंच. जुन्या गटाच्या नमुना पट्ट्या होत्या, त्या सगळ्या चालवून निकाल फायलीत साठवले.

इथे एक गंमत सापडली. काही नमुन्यांत आकडे देवनागरीत आहेत. जावाचं पूर्णांक वाचणारं फंक्शन '१२३' निमूट वाचतं. दशांशासाठी असलेलं डबलचं फंक्शन मात्र 'हा आकडा नाही' म्हणून अपवाद फेकतं, म्हणजे चूक दाखवून थांबतं. मजकुरातले नमुने शोधणाऱ्या नियमित पदावलीतली अंकांची खूणही मुळात इंग्रजी अंकच ओळखते, वेगळी सूचना दिली तरच बाकीचे. त्यामुळे गोण्यांची संख्या देवनागरीत चालते, वजन चालत नाही. जुन्या गटाने यावर उपाय म्हणून तीन ठिकाणी तीन वेगवेगळे बदल-कोष्टक लिहिले आहेत. तिन्ही काढून आकडे आत येतात त्या एकाच दारावर रूपांतर ठेवलं. आतल्या कोणत्याही क्लासला अंकांची लिपी कळता कामा नये.

२४ जानेवारी

वर्गात संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांचं तत्त्व. १९८७ च्या भाषणातली कल्पना, १९९४ मध्ये जेनेट विंगबरोबरच्या निबंधात नीट बांधलेली: जिथे मूळ प्रकार अपेक्षित आहे तिथे उपप्रकार ठेवला तर प्रोग्रॅमच्या भरवशाला तडा जाता कामा नये. मॅडमनी चौरस-आयताचं उदाहरण मुद्दाम टाळलं आणि जावाच्या स्वतःच्या ग्रंथालयातली दाखवली. 'स्टॅक' हा 'व्हेक्टर'चा उपक्लास आहे, त्यामुळे स्टॅकच्या मध्यात वस्तू घुसवता येते. एसक्यूएलच्या पॅकेजमधला 'टाइमस्टॅम्प' हा 'डेट'चा उपक्लास, आणि अ बरोबर ब असेल तर ब बरोबर अ असेलच याची खात्री नाही. ही उदाहरणं जास्त बोचतात, कारण ती शहाण्या माणसांनी लिहिली आणि आता कुणालाच काढता येत नाहीत.

आमच्या कोडमध्येही एक सापडलं. 'मेथीपट्टी'. मेथीचा व्यवहार शेकडा जुड्यांवर होतो, क्विंटलवर नाही. मूळ क्लासमध्ये 'क्विंटल' ही मेथड आहे, म्हणून मेथीने ती ओव्हरराइड करून, म्हणजे तिच्या जागी स्वतःची आवृत्ती लिहून, अपवाद फेकला आहे: 'लागू नाही'. टोमॅटोचा सौदा क्रेटवर. त्याने एका क्रेटचे २० किलो धरून क्विंटल काढले आहेत, आणि मग छापताना परत क्रेटमध्ये बदलले आहेत. आणि दिवसाचा गोषवारा काढणाऱ्या क्लासमध्ये 'ही वस्तू कोणत्या क्लासची' असं विचारणाऱ्या इन्स्टन्सऑफची रांग: मेथी असेल तर वगळा, कोथिंबीर असेल तर वगळा.

म्हणजे 'पट्टी' या शब्दाखाली दोन गोष्टी कोंबल्या आहेत. माल कसा मोजला आणि पैसे कसे वाटले. पहिली गोष्ट आज वेगळी काढली: 'मोजमाप', त्याचे प्रकार वजन, क्रेट आणि जुडी. दर कशावर आहे ते मोजमाप सांगतं. पट्टीला क्विंटल विचारायचाच नाही. 'लालकांदा' आणि 'उन्हाळकांदा' हे क्लास होते ते आता मालाच्या नावाचं एक फील्ड आहेत. पाचपैकी चार पिढ्या गेल्या.

३० जानेवारी

चाचण्या हिरव्या. बाकी काही नाही. दुसऱ्या विषयाची परीक्षा.

३ फेब्रुवारी

आमच्या गटातल्या मैत्रिणीचं माहेर सिन्नरजवळ, आणि तिचे मामा एका आडतीवर, म्हणजे बाजारातल्या दलालाच्या पेढीवर, वर्षानुवर्षं हिशोब लिहितात. त्यांना फोन लावला, स्पीकरवर. आम्ही विचारलं, कपातींची यादी सांगा. कोणती कपात कोणत्या मालाला लागते?

मामा थोडा वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "अगं, कपात कपात काय लावलंय? पैसा कापला म्हणजे जातो कुठं? कुणाच्या नावे टाकायचा आणि कुणाच्या जमा करायचा, ते आधी ठरवा. आमच्याकडं पट्टी मागाहून होते. रोजमेळ आधी."

फोन ठेवल्यावर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. जुन्या कोडमध्ये, आणि आमच्या डोक्यातही, पट्टी म्हणजे एक मोठी रक्कम आणि तिच्यातून वजा होत जाणारे आकडे. मामांच्या डोक्यात वजाबाकी नाहीच. तिथे फक्त रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, लिहिलेले खात्याखात्यांमधले व्यवहार आहेत, आणि पट्टी हा त्यातल्या एका खात्याचा उतारा.

६ फेब्रुवारी

फळ्यावर नवी मांडणी. मुळाशी 'नोंद': नावे कोणतं खातं, जमा कोणतं खातं, रक्कम, कारण. सौदा झाला की व्यापाऱ्याच्या नावे, शेतकऱ्याच्या जमा. हमाली म्हणजे शेतकऱ्याच्या नावे, हमाली खाती जमा. उचल फेडली तर शेतकऱ्याच्या नावे, आडत्याच्या जमा. शेतकऱ्याची पट्टी हा या नोंदींचा एक उतारा, व्यापाऱ्याचं बिल दुसरा, हमालांच्या टोळीचा आठवड्याचा हिशोब तिसरा. जुन्या कोडमध्ये यातल्या प्रत्येकासाठी वेगळा क्लास होता आणि प्रत्येकात तीच गणितं पुन्हा लिहिलेली होती.

मॅडमनी या आठवड्यात वाचायला डेव्हिड पार्नासचा १९७२ चा निबंध दिला आहे. त्यात ऑब्जेक्ट हा शब्दही कामाचा नाही. प्रोग्रॅमचे तुकडे कामाच्या पायऱ्यांप्रमाणे पाडू नका, उद्या बदलण्याजोगा एकेक निर्णय एकेका तुकड्यात लपवा, हे त्याचं म्हणणं. आमच्या विषयात 'वास्तवातल्या वस्तूंचे क्लास करा' असं पदवीपासून शिकवलं जातं. कांदा ही वास्तवातली वस्तू आहे, म्हणून कांद्याचा क्लास झाला. पण हिशोबात कांदा कधी बदलत नाही. बदलतं ते कोण कुणाला देणार हे, आणि ते बदलणारी माणसं कांद्याशी संबंधित नसून समितीत, मंत्रालयात आणि संघटनांच्या बैठकीत बसलेली असतात.

१२ फेब्रुवारी

पैसे. जुन्या कोडमध्ये सगळी रक्कम डबलमध्ये. त्यात ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, हे पहिल्या वर्षालाच शिकवतात, तरी दरवर्षी कुणीतरी पैसे डबलमध्ये ठेवतंच.

गटातला एक जण 'बिगडेसिमल' (जावाचा अचूक दशांशांचा प्रकार) वापरू म्हणाला. चालेल, पण त्यातही एक खोच आहे: त्याच्या तुलनेत २.० आणि २.०० हे समान नाहीत, कारण दशांशस्थळं वेगळी. क्रम लावणारी तुलना मात्र दोन्हींना समान म्हणते. म्हणजे पहिल्या तुलनेवर चालणाऱ्या हॅशसेट या संचात ते दोन सदस्य होतात आणि दुसरीवर चालणाऱ्या ट्रीसेटमध्ये एक. नोंदी जुळवून पाहणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हे नको. 'रक्कम' नावाचा रेकॉर्ड (फक्त माहिती धरणारा क्लास) केला, आत पैसे पूर्णांकात, आणि वजन ग्रॅममध्ये. गुणाकार-भागाकार जिथे होतो ती जागा एकच, पूर्णांकन तिथेच.

२० फेब्रुवारी

आजचा वाद लांबला, आणि माझ्या मते सत्रातला सगळ्यात उपयोगी.

आकारणीचे प्रकार मोजकेच आहेत. प्रति क्विंटल, प्रति नग, शेकडा (टक्केवारी) आणि ठोक. प्रत्येक प्रकारावर करायच्या गोष्टी मात्र वाढत्या: रक्कम काढणं, पट्टीवर छापणं, 'हा आकडा कसा आला' ते शेतकऱ्याला वाक्यात सांगणं, उद्या आणखी काही. प्रश्न असा की ही वर्तणूक प्रत्येक प्रकाराच्या क्लासमध्ये ठेवायची, का बाहेर एका स्विचमध्ये, म्हणजे प्रकार पाहून वाट निवडणाऱ्या रचनेत?

वर्गातला नेहमीचा सूर असा की स्विच दिसला की गुण कापा. बर्ट्रांड मेयरचं 'विस्ताराला खुलं, बदलाला बंद' हे तत्त्व सांगून पॉलिमॉर्फिझम करा, म्हणजे प्रत्येक क्लासला आपापलं वर्तन द्या. सुरुवातीला आमच्यातल्या दोघांचा आग्रह तोच. पण कुठल्या दिशेचा विस्तार? फिलिप वॉडलरने १९९८ मध्ये याला 'एक्स्प्रेशन प्रॉब्लेम' असं नाव दिलं. प्रकार वाढणार असतील तर वर्तणूक क्लासमध्ये ठेवलेली बरी. क्रिया वाढणार असतील तर बाहेर ठेवलेली बरी. दोन्ही एकदम फुकटात मिळत नाहीत. १९९४ च्या चौघा लेखकांच्या पुस्तकातल्या २३ पॅटर्नपैकी (डिझाइनच्या ठरावीक रचनांपैकी) 'व्हिजिटर' हा याच दुसऱ्या दिशेसाठी आहे, पण जावात तो लिहायला किचकट आणि वाचायला त्याहून किचकट.

आता त्याची गरज उरलेली नाही. २०२१ च्या जावा १७ मध्ये सील्ड इंटरफेस (ज्यांचे उपप्रकार आधीच ठरवून बंद केलेले असतात) आले आणि २०२३ च्या जावा २१ मध्ये स्विचमधली पॅटर्न-जुळणी पक्की झाली. चार प्रकार सील्ड ठेवले, चारही रेकॉर्ड, आणि क्रिया स्विचमध्ये. एखादा प्रकार हाताळायचा राहिला तर कंपायलरच थांबवतो. डीफॉल्टची शाखा मुद्दाम लिहायची नाही; ती लिहिली की कंपायलर गप्प बसतो आणि सील्ड ठेवण्याचा अर्धा फायदा गेला.

मतदान तीन विरुद्ध एक. विरोधात असलेल्याने अहवालात स्वतःचं वेगळं मत लिहायचं ठरवलं आहे. लिहू दे.

२८ फेब्रुवारी

नवी गरज जाहीर झाली. "कोणत्याही जुन्या तारखेची पट्टी पुन्हा छापता आली पाहिजे, त्या तारखेच्या नियमांप्रमाणे. चाचणीत जून २०१६ आणि ऑगस्ट २०१६ दोन्ही असतील."

तारखा मॅडमनी उगाच निवडलेल्या नाहीत. महाराष्ट्रातल्या बाजार समित्या १९६३ च्या कायद्याखाली चालतात, आणि वर्षानुवर्षं आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची नियमनमुक्ती करताना (म्हणजे समितीच्या नियंत्रणातून बाहेर काढताना) ती शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं केलं. व्यापाऱ्यांनी तेव्हा लिलाव बंद ठेवले होते. गटातल्या दोघांना ते घरातल्या बोलण्यावरून आठवतं.

जुन्या कोडमध्ये हे करायचं तर 'नाशवंतपट्टी'च्या आतमध्ये तारखेची अट, आणि तिच्या प्रत्येक उपक्लासात, आणि व्यापाऱ्याच्या बिलात पुन्हा. आमच्या मांडणीत एका नियमातला 'नावे' हा रकाना बदलतो.

पडताळून पाहिलं. दर चाचणीसाठी आम्हीच धरलेले: आडत शेकडा ४, हमाली क्विंटलला ६ रुपये. माल २३ क्विंटल ४० किलो, भाव १,८५० रुपये. एकूण ४३,२९० रुपये. आडत १,७३१ रुपये ६० पैसे, हमाली १४० रुपये ४० पैसे. जूनच्या नियमाने शेतकऱ्याला ४१,४१८ रुपये, व्यापारी देणार ४३,२९०. ऑगस्टच्या नियमाने शेतकऱ्याला ४३,१४९ रुपये ६० पैसे, आणि व्यापारी देणार ४५,०२१ रुपये ६० पैसे. कोडची एकही ओळ न बदलता, फक्त नियमांच्या फायलीत.

६ मार्च

'त्या तारखेचा नियम' म्हणायला सोपं. कोणती तारीख? लिलावाची, पट्टी लिहिल्याची, की पैसे दिल्याची? मामांचं उत्तर लगेच आलं: लिलावाची, सौदा तेव्हा ठरतो. म्हणून नियम शोधणाऱ्या क्लासला फक्त सौद्याची तारीख दिली आहे. आजची तारीख विचारण्याची सोयच त्याच्याकडे नाही. जुन्या कोडमध्ये हिशोबाच्या आत खोलवर 'आज' विचारलेलं होतं, आणि त्यामुळे चाचण्या महिन्याअखेरीला वेगळं वागायच्या.

प्रत्येक नियमाला 'पासून' आणि 'पर्यंत'. 'पर्यंत' रिकामा म्हणजे चालू. एकाच कारणाचे दोन नियम एका तारखेला लागू होत असतील तर फाइल वाचतानाच प्रोग्रॅम नकार देतो, पट्टी छापताना नाही.

१२ मार्च

निव्वळ रक्कम ऋण असू शकते का?

जुन्या 'पट्टी'च्या कन्स्ट्रक्टरमध्ये (वस्तू तयार करणाऱ्या कोडमध्ये) ठाम अट आहे: निव्वळ शून्याहून कमी असेल तर अपवाद. वर शेरा, 'अशक्य स्थिती'. मेयरच्या भाषेत ही क्लासची अविचल अट. लिहिणाऱ्याने शिस्तीनेच लिहिली आहे. पण बाजाराने ती मान्य केलेली नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा आणला. भाव मिळाला किलोला १ रुपया. मोटारभाडं, हमाली, तोलाई वजा जाता राहिले २ रुपये ४९ पैसे, आणि त्याला धनादेश मिळाला २ रुपयांचा. बातमी देशभर गेली होती. भाडं जरा जास्त असतं तर निव्वळ शून्याखाली गेलं असतं आणि शेतकऱ्याने खिशातून भरले असते. कांदा-पट्ट्यातल्या माणसाला यात नवल वाटत नाही. आमच्या सिन्नरच्या मैत्रिणीने ती अट वाचून एवढंच म्हटलं, "अशक्य स्थिती म्हणे."

अट काढली. निव्वळ ऋण असेल तर उताऱ्यावर 'शेतकऱ्याकडून येणे' छापायचं, वजाचं चिन्ह नाही. कागद हातात घेणाऱ्याला ते एका नजरेत कळलं पाहिजे.

मग ते ४९ पैसे. धनादेश २ चा, हिशोब २.४९ चा. जुन्या कोडमध्ये रक्कम छापताना पूर्ण रुपयांत गोल केली जाते आणि पैसे गायब होतात. आमच्याकडे गायब होता येत नाही. नोंदीला जमा खातं लागतंच, ते रिकामं ठेवलं तर कंपाइलच होत नाही. म्हणून प्रश्न विचारावाच लागला: ४९ पैसे कुणाचे? आम्ही 'पूर्णांकन फरक' असं खातं काढलं आणि ते पट्टीवर वेगळ्या ओळीत दाखवलं. ती ओळ कुणाच्या खिशात जाते ते समितीने ठरवावं. प्रोग्रॅमने ती लपवायची नाही.

२२ मार्च

गुणधर्म-चाचण्या. एकेक उदाहरण न लिहिता नियम सांगायचा आणि यंत्राने हजारो यादृच्छिक पट्ट्या बनवून तो मोडायचा प्रयत्न करायचा. हास्केल भाषेतल्या क्विकचेक या साधनाने २००० च्या सुमारास रूढ केलेली पद्धत. आमचा नियम: सगळ्या खात्यांची बेरीज शून्य.

यंत्राला एकही उदाहरण सापडलं नाही, आणि थोडं विचार केल्यावर कळतं की सापडणारही नाही. प्रत्येक नोंद एकीकडे जितकं टाकते तितकंच दुसरीकडून काढते. जी चाचणी नापास होऊच शकत नाही ती ठेवावी का, यावर बोलणं झालं. ठेवली, उद्या कुणी 'नोंद'च्या आत हात घातला तर बोलेल. खरं काम दुसऱ्या नियमाने केलं: 'छापलेल्या ओळींची बेरीज छापलेल्या निव्वळाएवढी'. तो दोनदा मोडला, दोन्ही वेळा जुन्या छपाईच्या क्लासमध्ये.

२ एप्रिल

पाडव्याच्या सुट्टीनंतर. लेव्ही राहिली होती.

माथाडी-हमाल कायदा १९६९ चा. त्याच्या मंडळाची लेव्ही, म्हणजे सक्तीची वर्गणी, हमालीच्या रकमेवर लागते. म्हणजे शेकडा, पण मालाच्या किमतीवर नाही, दुसऱ्या नियमाच्या उत्तरावर. शेकड्याच्या रेकॉर्डमध्ये 'कशावर' हा घटक आला. धरलेल्या शेकडा ३० ने १४० रुपये ४० पैसे हमालीवर ४२ रुपये १२ पैसे. ती कुणाच्या नावे, हाच तर वादाचा मुद्दा असतो. एप्रिल २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यातले कांदा लिलाव याच हमाली-तोलाई-लेव्हीच्या भांडणात बंद पडले होते.

एका नियमाला दुसऱ्याचं उत्तर लागलं की क्रम आला. फायलीतल्या ओळींच्या क्रमावर विसंबायचं नाही. नियमांचा आलेख करून कानच्या १९६२ च्या पद्धतीने क्रम लावला. कुणी हमाली लेव्हीवर आणि लेव्ही हमालीवर लावली तर फाइल वाचतानाच चक्र सापडतं. चक्रात अडकलेल्या नियमांची नावं संदेशात येतात. 'चक्र सापडले' एवढंच म्हणणारा संदेश कुणाच्या उपयोगाचा?

८ एप्रिल

दुसऱ्या गटाने आमचा कोड तपासला. त्यांचा मुख्य आक्षेप: अहवालात पॅटर्नची नावं कमी आहेत. खरं आहे. स्ट्रॅटेजी म्हणता येईल असं काहीतरी आहे, पण ते फायलीतला डेटा आहे, क्लास नाही. सिंगलटन (सगळ्या प्रोग्रॅमला मिळून एकच वस्तू) एक होता, नियमांच्या भांडाराचा. तो काढून भांडार कन्स्ट्रक्टरमधून द्यायला लागलो, कारण त्याशिवाय एकाच चाचणीत जून आणि ऑगस्ट बाजूबाजूला उभे करता येत नव्हते. फॅक्टरी नाही, ऑब्झर्व्हर नाही. परीक्षकाला नावं हवी असतील तर तोंडी परीक्षेत सांगू. कोडमध्ये नावासाठी क्लास घालणार नाही.

त्यांनी दाखवलेली एक गोष्ट मात्र लाखाची होती: 'खातं' ही आमच्याकडे नुसती अक्षरओळ होती. 'हमाली' आणि 'हमाली ' (शेवटी मोकळी जागा) ही दोन खाती झाली असती. संध्याकाळपर्यंत खात्याचा स्वतंत्र प्रकार झाला.

१५ एप्रिल

मामांनी व्हॉट्सॲपवर एका खऱ्या पट्टीचा फोटो पाठवला, नाव-गाव झाकून. त्यात वजनाशेजारी बारीक अक्षरात 'कडता'. मालात माती, ओलावा, सडका माल निघेल म्हणून वजनातूनच काही किलो कमी धरायचे. नियमांत ते बसत नाही, तरी काही ठिकाणी चालतं.

आमच्या चार आकारण्यांपैकी हे कशातच बसत नाही, कारण यात पैसा हलत नाही, मालच कमी होतो. पाचवा प्रकार घालायचा? घातला असता तर सील्ड इंटरफेसने सगळे स्विच दाखवले असते, काम तासाभराचं होतं. पण आम्ही तो तिथे ठेवला नाही. कडता मोजमापाचा भाग आहे: तोललेलं वजन, धरलेलं वजन. पट्टीवर दोन्ही छापायची, आणि फरकाची किंमतही शेजारी. प्रोग्रॅमने हा प्रकार नाकारावा, असं एकाचं म्हणणं होतं. नाकारला तर हिशोबनीस धरलेलं वजनच तोललेलं म्हणून भरेल आणि फरक कागदावरूनच नाहीसा होईल. त्यापेक्षा दिसू दे.

२२ एप्रिल

तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या डिझाइनमध्ये कांदा कुठे आहे?" मैत्रिणीने नियमांच्या फायलीतली एक ओळ दाखवली. ते थोडे हसले आणि मग अर्धा तास स्विचवरून सोलून काढलं. विरोधी मत लिहिणाऱ्या गड्याला त्यांनी दुजोरा दिला: आकारणीचे प्रकार चारच राहतील हे तुम्ही कशावरून धरलंत? कडत्याची गोष्ट सांगितली. त्यांना पूर्ण पटलेली दिसली नाही.

पुढच्या गटासाठी, कारण हा कोड आता त्यांच्याकडे जाणार:

नियमांच्या फायलीत तारखा कालबद्ध आहेत, पण 'हा बदल कुणी, केव्हा नोंदवला' हे नाही. मागच्या तारखेने नियम घुसवला तर जुनी पट्टी पुन्हा छापताना वेगळी येईल, आणि कुणाला कळणार नाही. त्यासाठी दोन काळ ठेवावे लागतील: नियम लागू असल्याचा आणि आपल्याला माहीत असल्याचा. आमच्याकडे एकच आहे.

जुडीच्या मोजमापात कडता नाही. तो तिथे असतो का, ते मामांना विचारायचं राहिलं आहे; नंबर मैत्रिणीकडे.

'ऱ' ची स्क्रिप्ट काढून टाकू नका.